गौराईचा ठिपका हलत नाही

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नाही, मान डोलावून चालणार नाही, तोंडाने म्हणा! कारण मी जे सांगणार आहे त्यात अख्खी कोळीआळी माझ्यामुळे धक्क्यावर जमली होती, दोन बोटींची इंजिनं धडधडत होती, आणि या सगळ्याच्या मधोमध लॅपटॉप पोटाशी धरून मी उभी होते. वय वर्षं बासष्ट. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं तंत्रज्ञ. म्हणजे लाइन जिवंत आहे की मेली, एवढंच ओळखण्यासाठी जिला नोकरीवर ठेवलं होतं, ती ही बाई!

रेवदंड्याला आमचं घर कोळीआळीच्या तोंडाशीच आहे. पुढे आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी, मागे चंद्राचं घर. चंद्रा म्हणजे दामूनाखव्याची बायको. दामू ‘गौराई’ नावाची बोट चालवतो, सात खलाशी घेऊन तीन-तीन, चार-चार दिवस समुद्रात असतो. तो तिकडे असला की चंद्रा इथे मासे विकते, जवळा सुकत घालते, शेजारणीशी भांडते, सगळं करते. पण तिचा अर्धा जीव पाण्यावर.

आता यात मी कुठून आले? तर त्या डब्यामुळे.

अलिबागला परांजपे सर म्हणून माझे जुने परिचित आहेत. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. रेडिओचं वेड भयंकर. त्यांनी नवीन यंत्र घेतलं आणि जुनं मला दिलं. सॉफ्टवेअर रेडिओ. रेडिओ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं त्याला काहीच नाही. ना बटण, ना काटा, ना आवाज. नुसता काळा डबा. एका अंगाला अँटेनाची वायर, दुसऱ्या अंगाला नेटवर्कची केबल. हवेतून येईल ते डब्याने पकडायचं आणि घरच्या नेटवर्कवरून लॅपटॉपकडे पाठवायचं. बाकी सगळी अक्कल लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरची.

आणि हल्ली बऱ्याच बोटींवर एक यंत्र असतं. “मी अमुक बोट, मी इथे आहे, माझा वेग इतका,” असं ते थोड्या थोड्या वेळाने रेडिओवर सांगत राहतं. मी गच्चीवर बांबूला अँटेना बांधली, डबा जोडला, आणि आठ दिवस झटापट केल्यावर एका दुपारी माझ्या लॅपटॉपवर समुद्राचा नकाशा आला, त्यावर ठिपके आले, आणि एका ठिपक्याशेजारी नाव आलं, गौराई!

मी चंद्राला हाक मारली. ती हात पुसत आली.

“ह्यो ठिपका म्हंजे आमचे?”

“तुझेच. बघ, नाव लिहिलंय.”

“हलतंय गो बाई!”

मग ती पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि हळूच म्हणाली, “जेवलाव का?”

त्या दिवसापासून रोज दुपारी तीनला चंद्रा माझ्याकडे. मग तिची जाऊ. मग समोरची मंजुळा. माझ्या ओटीवर बायकांची रांग! “माजा बघा, माजा बघा.” मी खुर्चीत बसून एकेक ठिपका दाखवायची. काय तो थाट! बायकांना नावं नीट दिसावीत म्हणून मी अक्षरं मोठी केली. जागा पुरेना, तेव्हा फालतू रकाने काढून टाकले. त्यात ‘शेवटचं कधी ऐकलं’ असा एक रकाना होता. म्हटलं, हा कशाला हवा? काढला.

हे वाक्य विसरून जा. म्हणजे पुढे मला जरा कमी लाज वाटेल.

तर डबा गुणी होता, पण लहरी. मध्येच, आणि तीही बिघाडानंतर तासन्‌तास उशिरा, पडद्यावर लाल चौकट यायची, ‘उपकरणाशी संपर्क होत नाही.’ कधी केबल सैल, कधी राउटर रुसलेला, कधी काहीच कारण नाही. पण मी कोण? बत्तीस वर्षं टेलिफोन खातं! माझी एक ठरलेली पद्धत होती. घरातल्या नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आकड्यांचा. आमच्या डब्याचा पत्ता वीसवर संपणारा. मी लॅपटॉपवरून त्या पत्त्याला पिंग करायची. पिंग म्हणजे दारात उभं राहून हाक मारायची, “कोण आहे का घरात?” आतून “आहे, आहे” आलं की समजायचं, डबा जिवंत. उत्तर नाही आलं, की केबल काढून पुन्हा घालायची. इतकं सोपं. इतकं पक्कं.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. बोटी आता पाण्याबाहेर काढायच्या, त्याआधी शेवटच्या एक-दोन फेऱ्या मारून यायचं, असं चाललेलं. दामूनाखवा जाऊन तीन दिवस झाले होते. त्या दिवशी सकाळी वारा उलटा फिरला. नैर्ऋत्येकडून असा काही यायला लागला की आमचे नारळ एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. बंदरावरच्या भोंग्यावरून सांगितलं, बोटींनी परत या. अकराच्या आत बाकीच्या बोटी आल्या. गौराई आली नाही.

मला हे ठाऊक नव्हतं, कारण सकाळभर मी नवा प्रिंटर जोडत बसले होते. आमच्या ह्यांना वाडीचे कसले तरी अर्ज छापायचे होते. वायफायवरचा प्रिंटर. अकराच्या सुमारास तो लागला, मी हात झटकले आणि स्वयंपाकाला गेले.

दोन वाजता सहज लॅपटॉपकडे बघितलं. गौराईचा ठिपका किनाऱ्यापासून पंधरा मैलांवर. वेग शून्य पूर्णांक तीन. म्हणजे जवळजवळ थांबलेली. म्हटलं, जाळं ओढत असतील.

अडीच वाजता पुन्हा बघितलं. तिथेच. वेग तोच.

पावणेतीन. तिथेच!

एवढ्या वाऱ्यात, परत या म्हणून सांगितल्यावर, कुठला नाखवा एका जागी बसून राहील? बाकीचे ठिपकेही हलत नव्हते म्हणा, पण ती सगळी मोठी मालवाहू जहाजं, नांगर टाकून उभी. ती दोन-दोन दिवस हलत नाहीत. हलायला हवी होती ती एकटी गौराई.

तेवढ्यात लाल चौकट आली. ‘उपकरणाशी संपर्क होत नाही.’

बघा, आता इथे मी घाबरले नाही, हे लक्षात घ्या. मी शास्त्रशुद्ध वागले. चौकट बाजूला सारली आणि पिंग केलं. चारदा हाक मारली, चारही वेळा उत्तर! तेही चटकन. म्हणजे डबा जिवंत. केबल शाबूत. नेटवर्क ठणठणीत. मग दोष कुणात? यंत्रात दोष नाही तर दोष समुद्रात!

मी तशीच आत धावले.

“अहो,” मी ह्यांना म्हटलं, “गौराईचा ठिपका हलत नाही.”

“हा तुझा प्रिंटर पण काही छापत नाहीये,” हे म्हणाले.

“माणसं समुद्रात अडकलीत आणि तुम्हाला छपाईची पडलीये!”

हे बिचारे मागे फिरले. सबंध प्रकरणातला एकुलता एक खरा पुरावा घेऊन हा माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याला हाकलून दिलं.

मी दामूला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पंधरा मैलांवर फोन कुठून लागणार, हे कळतंय. पण मी बटण दाबतच होते. आणि घड्याळात वाजले तीन.

चंद्रा दारात. हातात टोपली, कपाळावर घाम.

“बाई, कुठं पोचलं आमचं? वारा लई सुटलाय वो.”

मी काय बोलायचं सांगा? खोटं सांगायचं? मी म्हटलं, “अगं, येतायत.” पण माझा आवाजच असा निघाला की तिने टोपली खाली ठेवली.

“बाई. खरं सांगा.”

“थांबलेत जरा.”

“कवापासून?”

“असेल तास-दीड तास.”

ती पडद्यासमोर बसली. ठिपक्याकडे नुसती बघत राहिली. मग एकदम उठली आणि पदर खोचून रस्त्याने धावत सुटली. “अण्णा! ओ धर्माअण्णा!”

धर्माअण्णा म्हणजे मच्छीमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष. कमी बोलणारा माणूस. पाच मिनिटांत ते माझ्या ओटीवर.

“बाई, यंत्र बिघडलं तर न्हाय ना?”

नीट ऐका. त्यांनी विचारलं होतं! सरळ, स्पष्ट विचारलं होतं! आणि मी काय म्हणाले?

“अण्णा, मी आत्ताच तपासलंय. चारपैकी चार उत्तरं आली. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं माझं.”

अण्णांनी कमरेचा वायरलेस काढून गौराईला बोलावलं. उत्तर नाही. पुन्हा बोलावलं. नुसती खरखर. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, “इंजिन बसलं आसंल. दोन बोटी काढतो.”

तुम्हाला सांगते, तोवर मी ठिपक्यांशी खेळत होते. तिथे पहिल्यांदा मला कळलं की माझ्या एका वाक्यावर आठ-दहा माणसं त्या खवळलेल्या पाण्यात शिरणार आहेत. पण माघार कशी घेणार? तिकडे दामू आणि सात खलाशी!

“मी जागा सांगायला येते,” मी म्हटलं. लॅपटॉप उचलला आणि निघाले. पायात एक चप्पल माझी, एक ह्यांची.

धक्क्यावर ही गर्दी! बायका, म्हातारी माणसं, जाळी विणायचं सोडून आलेले गडी. दोन बोटींची इंजिनं सुरू. वाऱ्याने बोललेलं ऐकू येत नव्हतं. मंजुळा चंद्राला धरून बसली होती. मी गर्दीच्या मध्ये उभी राहून लॅपटॉप उघडला. ठिपका होता तिथेच होता. मी ओरडून आकडे वाचायला लागले. अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. बोट हाकणारा तांडेल ते हातावर पेनाने लिहून घेत होता.

“अजून तिथंच हाय का?” त्याने विचारलं.

“तिथेच! आत्ता, या क्षणी, तिथेच आहेत!” मी ठणकावून सांगितलं.

त्या क्षणी मी घरापासून अर्धा किलोमीटर लांब होते. डबा घरी. केबल घरी. वायफाय घरी. माझ्या हातातल्या लॅपटॉपला जगातल्या कुठल्याच गोष्टीशी काहीही जोडलेलं नव्हतं. आणि मी म्हणत होते, या क्षणी!

काही लक्षात आलं का माझ्या? अजिबात नाही.

एवढ्यात खाडीवरच्या पुलाच्या बाजूने एक रिक्षा येऊन थांबली. त्यातून एक जण उतरला. अंगावर रेनकोट, डोक्याला गमछा गुंडाळलेला. एवढी गर्दी बघून धावतच आला. इंजिनाच्या आवाजात त्याने शेजारच्या गड्याला विचारलं, “काय झाला रे?”

“बोट अडकलीय बाहेर. इंजिन बसलंय.”

“कितीजन हायती?”

“आठ.”

“आयला! आन् तुमी बगत काय उबे रायलाव?” असं म्हणून त्याने धक्क्यावरचा दोरखंड खांद्यावर घेतला आणि टुणकन बोटीत उडी मारली. “चला, मी बी येतो! हाना बोट!”

बोट सुटणार, तोच चंद्राने वर बघितलं. मी तिचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते. आधी तिला काही कळलंच नाही. मग तिचं तोंड उघडलं. मग ती अशी किंचाळली की दोन्ही इंजिनं तिच्यापुढे गप्प.

“अगो बाई! त्यो बघा! त्यो कुठं चाललाय!”

दामूनाखवा! स्वतः दामूनाखवा, स्वतःला वाचवायला निघाला होता!

कुणीतरी इंजिन बंद केलं. दामू दोरखंड खांद्यावर घेऊन बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभा. सगळे त्याच्याकडे बघतायत आणि तो सगळ्यांकडे.

“काय? काय झाला? कोन अडकलाय?”

“तू,” धर्माअण्णा म्हणाले.

“मी?”

“व्हय. पंधरा मैलांवर. इंजिन बसलंय तुजं.”

दामूने वाकून आपल्या पायांकडे बघितलं. शपथ घेऊन सांगते, त्या माणसाला क्षणभर स्वतःचीच शंका आली.

मग उलगडा झाला. दुपारी बारालाच त्याने वारा ओळखून जाळं ओढलं होतं आणि तडक निघाला होता. धक्क्याशी लाटा फार, म्हणून बोट सरळ पुलाखालून खाडीत आत नेली आणि पलीकडे साळावच्या बाजूला नांगरली. खलाशी तिथेच मासळी उतरवत होते. वायरलेस बंद केलेला. फोन आदल्या दिवशीच पाण्यात पडून मेलेला. तो बिचारा रिक्षा करून, चंद्रा काळजी करत असेल म्हणून, लगबगीने घरी निघाला होता.

आता सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी लॅपटॉपकडे बघितलं. त्यात गौराई अजून पंधरा मैलांवरच होती. वेग शून्य पूर्णांक तीन.

चंद्रा नवऱ्याजवळ गेली. मला वाटलं, गळ्यात पडेल. तिने त्याच्या दंडावर दोन रट्टे दिले, मग त्याचा रेनकोट मुठीत धरला आणि ढसाढसा रडायला लागली. मला तिथे उभं राहवेना. धर्माअण्णा शेजारी आले. म्हटलं, आता बोलणार. ते एवढंच म्हणाले, “पोरं पान्यात गेली आसती, बाई.”

ओरडले असते तर बरं झालं असतं हो.

घरी येऊन मी परांजपे सरांना फोन केला. रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. “सर, पिंगला उत्तर येत होतं. चारपैकी चार!”

“उत्तर कोण देत होतं?” सरांनी विचारलं.

“कोण म्हणजे? डबा.”

“डब्याची केबल काढा बरं. आणि आता पिंग करा.”

मी केबल काढली. डबा आता साऱ्या जगापासून तुटलेला. पिंग केलं.

उत्तर आलं! चारपैकी चार!

घरात भूत आहे की काय? सर शांतपणे म्हणाले, “आज घरात नवीन काही जोडलंत का?”

मी सावकाश मान वळवली. कोपऱ्यात प्रिंटर हिरवा दिवा लावून बसला होता.

सकाळी जोडताना त्याने मला विचारलं होतं, पत्ता काय देऊ? आणि मी टाकला होता तोच, जो चार महिने रोज टाइप करून माझ्या बोटांना पाठ झाला होता. वीसवर संपणारा! एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! डबा अकरा वाजताच नेटवर्कवरून बाहेर फेकला गेला होता. अकरानंतर एकही बोट माझ्या लॅपटॉपपर्यंत पोचली नव्हती. मी दारात उभी राहून डब्याला हाका मारत होते, आणि आतून प्रिंटर म्हणत होता, “आहे, आहे!”

“नशीब,” हे म्हणाले, “त्याने अर्ज छापून नाही पाठवला समुद्रात.” आणि मग माझा चेहरा बघून म्हणाले, “बस जरा. पाणी देतो.”

मी प्रिंटरचा पत्ता बदलला. काढलेला रकाना पुन्हा आणला, भल्या मोठ्या अक्षरांत, लाल रंगात. दुसऱ्या दिवशी धर्माअण्णांच्या घरी जाऊन हात जोडले. दामूकडे गेले, तर तो उलट हसत सुटला. “बाई, माज्यासाठी धा जन निगालं व्हतं, ह्ये तरी कळलं मना!” पण चंद्रा आतून बाहेर आली नाही. बायकांची रांग बंद झाली. तीन वाजता ओटी रिकामी. मी एकटीच पडद्यासमोर बसायची आणि दर दहा मिनिटांनी विनाकारण केबल तपासायची. झोप उडाली होती माझी. डोळे मिटले की धर्माअण्णांचं ते एक वाक्य.

पाचव्या दिवशी फाटक वाजलं. चंद्रा! टोपली घेऊन. गौराई शेवटच्या फेरीला गेली होती. तिने टोपली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली. मला इतकं भरून आलं, सांगू! मी घाईघाईने ठिपका दाखवला. “ही बघ गौराई. येतेय परत. वेग सहा.”

चंद्राने ठिपक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग दोन बोटांनी पडदा असा दाबून बघितला, जशी मी गेली कित्येक वर्षं तिच्या टोपलीतली सुरमई दाबून बघते.

“बाई,” ती म्हणाली, “ठिपका ताजा हाय ना, का कालचा बर्फातला?”